स्वस्तातली जुनी गाडी आणि 'थोडंसं इंजिन काम': घ्यावी की सोडावी?

"गाडी एकदम टकाटक आहे, फक्त थोडंसं इंजिन काम आहे." जुन्या गाड्यांच्या बाजारात या वाक्यातला 'थोडंसं' हा शब्द सगळ्यात महागडा. तेच मॉडेल शेजारच्या गल्लीत दीड लाखाला आणि हे ऐंशी हजारांना. मनात लगेच हिशोब सुरू होतो, की वीस-पंचवीस हजार इंजिनवर घातले तरी पन्नास हजार वाचले.

मीही असाच हिशोब केला होता. माझी पहिली जुनी गाडी म्हणजे २००४ ची झेन. विकणाऱ्याने सांगितलं होतं, हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक, यांच्यामधली पट्टी) उडालंय, एका दिवसाचं काम. हेड उतरवलं तेव्हा तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवर नख अडकेल एवढा ओरखडा निघाला. एका दिवसाचं काम पाच आठवडे चाललं आणि खर्च सांगितल्याच्या सहापट झाला. पण त्यानंतर ते इंजिन दोन वर्षं सुरेख चाललं. शेवटी गाडी काढून टाकली ती इंजिनामुळे नाहीच. चालकाच्या पायाखालचा पत्रा सडला होता आणि पावसाळ्यात मोजे भिजायला लागले होते.

आमच्या कोल्हापुरातले मिस्त्री तेव्हा म्हणाले, "इंजिन काय हो, उतरवू आणि परत चढवू. पत्र्याचं आधी बघायचं होतं." गाडीत सगळ्यात खात्रीने दुरुस्त होणारी वस्तू इंजिनच आहे. ते बाहेर निघतं, मोजता येतं, त्याचे सुटे भाग मिळतात. सडलेला पत्रा आणि अडकलेले कागद मात्र पैसे ओतूनही पूर्ववत होतीलच असं नाही. म्हणून नवखा माणूस ज्या क्रमाने गाडी बघतो, म्हणजे आधी बॉनेट उघडून आवाज ऐकणं आणि कागद सगळ्यात शेवटी, तो क्रम उलटा करायचा.

आधी घरात बसून

ही तुमची एकमेव गाडी असणार आहे का? रोज कामावर जायला तीच लागणार असेल तर इंजिन काम असलेली गाडी घेऊ नका. गॅरेजवाल्याचे 'आठ दिवस' म्हणजे तीन आठवडे, आणि यात त्याचा दोष असतोच असं नाही. ब्लॉक बोरिंगला (झिजलेले सिलिंडर आतून कापून सारखे करायला) गेला की लेथवाल्याच्या रांगेत थांबतो, पिस्टन मागवायला चार दिवस जातात, आणि सगळं आल्यावर एक सील चुकीचं निघतं. घरात दुसरं वाहन असेल, ओळखीचा मिस्त्री असेल आणि पूर्ण खर्चाएवढी रक्कम हातात असेल, तरच पुढे वाचा. कर्ज काढून जुनी गाडी घ्यायची आणि तिच्या इंजिनासाठी मित्राकडून उसने घ्यायचे, या वाटेने जाऊन पस्तावलेली दोन माणसं माझ्या ओळखीत आहेत.

फोनवर विचारायचं

गाडी आत्ता चालू होते का? किती महिने उभी आहे? गरम झाली होती का, आणि झाली तेव्हा लगेच थांबवली की घरापर्यंत आणली? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. काटा लाल रेषेवर गेल्यावरही दहा किलोमीटर दामटलेल्या गाडीचं हेड हमखास वाकलेलं असतं, आणि पुष्कळदा पिस्टनही धरलेले, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसलेले असतात.

मग विचारायचं, "काम एवढं किरकोळ आहे तर करून का विकत नाही?" दुरुस्त करून चाळीस-पन्नास हजार जास्त मिळत असतील, तर पाच हजारांचं काम कुणीही करून घेईल. याचं खरं उत्तरही असू शकतं. माणूस बदली होऊन निघालाय, घरातले वडील गेले आणि गाडी नुसती उभी आहे, पार्किंगवरून सोसायटीत कटकट चालू आहे. असं उत्तर मिळालं तर गाडी बघायला जावं. "वेळच मिळाला नाही" एवढंच उत्तर आलं तर गॅरेजमध्ये इंजिन खोलून कुणीतरी मोठा आकडा सांगितलाय, असं धरून चालायचं.

फोन ठेवताना एकच विनंती करायची: मी येईपर्यंत गाडी चालू करू नका.

कागद

आरसी बुकाचा फोटो मागवून घ्या आणि एमपरिवहन ॲपवर नंबर टाका. मालकाचं नाव तेच आहे का, बँकेचा बोजा उतरलाय का, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत आहे, हे घरबसल्या कळतं. ई-चलनंही तपासा. बोजा दिसत असेल तर "कर्ज केव्हाच फिटलंय" या आश्वासनावर जाऊ नका. बँकेचा ना हरकत दाखला आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) हातात आल्याशिवाय तो उतरत नाही, आणि बोजा असताना गाडी तुमच्या नावावर होत नाही.

मग नोंदणीची मुदत बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. २०१२ ची गाडी २०२७ मध्ये मुदतीला येते. त्यानंतर आरटीओत तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागतं. चारचाकीसाठीचं हे शुल्क पूर्वी ६०० रुपये होतं, एप्रिल २०२२ पासून ते ५,००० झालं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी १०,००० करण्यात आलं. मुदत उलटून गेली असेल तर उशिराचा दंड महिन्यागणिक चढतो. शिवाय महाराष्ट्रात १५ वर्षांनंतर पर्यावरण कर वेगळा. म्हणजे मुदत संपायला सहा महिने उरलेल्या गाडीवर तुम्ही इंजिनाचा खर्च करणार, आणि लगेच तिला परीक्षेला बसवणार. तपासणीत पत्रा, लाइट, ब्रेक, धूर सगळंच बघतात.

आमच्या भागात आणखी एक सापळा आहे. बेळगाव, निपाणी, चिकोडीकडच्या केए पासिंगच्या गाड्या इथे स्वस्त दिसतात. दिल्लीकडच्या तर फारच स्वस्त, कारण तिथे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले आणि मालकांनी त्या बाहेरच्या राज्यांत काढल्या. पण परराज्यातली गाडी आपल्या नावावर करायची म्हणजे तिथल्या आरटीओचा ना हरकत दाखला, इथली नव्याने नोंदणी आणि महाराष्ट्राचा रस्ता कर. इंजिन काम आणि पासिंग बदलणं या दोन डोकेदुख्या एकाच गाडीसाठी अंगावर घेऊ नका.

गाडीत सीएनजी किट असेल तर त्याची नोंद आरसीवर आहे का आणि टाकीची दर तीन वर्षांची चाचणी झाली आहे का, हेही बघा.

प्रत्यक्ष गेल्यावर चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून बघायचे. इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो. तो जुळत नसेल तर कुणीतरी आधीच इंजिन बदललंय आणि आरटीओला कळवलेलं नाही. तिथून सरळ परत या.

पत्रा, आणि पुराचं पाणी

आता वाकायची तयारी ठेवा. सोबत टॉर्च, जुना टॉवेल आणि एक बोथट स्क्रूड्रायव्हर घ्या. दारांच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी, डिकीतल्या स्टेपनीखालचा खड्डा, बॉनेट उघडल्यावर शॉकअॅब्सॉर्बर वर जिथे बसतात ते टॉवर, आणि गाडीखालून लांबवर जाणारे दोन चासी मेंबर. पायाखालची मॅट उचलून खालचा गालिचा दाबून बघा. वरून नवा काळा अंडरकोट फासलेला दिसला तर खूश होऊ नका, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. ठणठणीत पत्रा वाजतो, सडलेला बसका आवाज देतो.

दाराच्या कडेचा गंज म्हणजे टिंकरचं दोन दिवसांचं काम. टॉवर किंवा चासी मेंबर सडलेला असेल तर मात्र गाडी कितीही स्वस्त असो, ती भंगार आहे. रत्नागिरी, मालवण, अलिबाग अशा किनाऱ्यावर वर्षानुवर्षं राहिलेल्या गाड्यांत हे जास्त दिसतं. खारी हवा पत्र्याला आतून खाते आणि वरचा रंग तसाच राहतो. उलट सोलापूर-पंढरपूरकडच्या गाडीचा रंग उन्हाने उडालेला असतो, पण खालचा पत्रा पुष्कळदा कोरडा ठणठणीत. मी अशीच, दिसायला वाईट पण खालून चांगली गाडी शोधतो.

पुराबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण 'इंजिन काम असलेली स्वस्त गाडी' या जातीत पुरातल्या गाड्या भरपूर असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली पाण्यात होतं. २०२१ च्या जुलैत पुन्हा आम्ही, आणि चिपळूण. त्या वेळी बुडालेल्या गाड्या काही समुद्रात टाकून दिलेल्या नाहीत. त्यातल्या कितीतरी धुऊन-पुसून परत बाजारात आल्या. बुडालेल्या गाडीत सगळ्यात मोठी चूक होते ती पाणी ओसरल्यावर किल्ली फिरवण्याची. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. कधी तो तिथेच ब्लॉक फोडून बाहेर येतो, कधी किंचित वाकलेल्या अवस्थेत वर्ष-दोन वर्षं चालतो आणि मग दगा देतो.

ओळखायचं कसं? सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. आतल्या भागावर मातकट रेषा दिसली तर पाणी तिथवर आलं होतं. सीटच्या खालचे रूळ आणि स्क्रू गंजलेत का बघा, कारण तिथे पावसाचं पाणी एरवी जात नाही. डॅशबोर्डखाली हात घालून वायरिंगच्या कनेक्टरवर गाळ लागतो का ते चाचपा. काचा बंद करून दहा मिनिटं गाडीत बसा. कुबट वास अत्तराच्या डबीने झाकता येतो, पण दहा मिनिटं नाही. आरसीवर एमएच-०९ किंवा एमएच-१० असेल आणि गाडी त्या वर्षांच्या आधीची असेल तर मालकाला सरळ विचारा, पुरात कुठे होती? बहुतेक लोक खरं सांगतात. पुरातली गाडी मी इंजिनामुळे नाही, वायरिंगमुळे नाकारतो. इंजिन एकदा दुरुस्त होतं, गाळ गेलेलं वायरिंग दर पावसाळ्यात नवीन ठिकाणी बंद पडतं.

मग इंजिन, आणि तेही थंड

बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर तुमची विनंती पाळली गेलेली नाही, आणि तसं का झालं हे तुम्हाला कळलंच असेल. थंड सुरुवातीला जे आवाज आणि धूर निघतात ते गरम इंजिन लपवतं. अशा वेळी चहा प्या, दोन-तीन तास थांबा किंवा दुसऱ्या दिवशी या.

चालू करण्याआधी रेडिएटरचं झाकण उघडा. फक्त थंड असतानाच! गरम रेडिएटरचं झाकण उघडून तोंड-हात भाजलेले लोक प्रत्येक गॅरेजने पाहिलेत. आत हिरवट-गुलाबी कूलंट असावं. तपकिरी गंजकं पाणी म्हणजे वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरलंय. वर तेलाचा तवंग दिसला तर हेड गॅस्केट किंवा हेड गेलंय. ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बघा. दुधाच्या चहासारखा रंग, मलईसारखा थर असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळतंय. पण पावसाळ्यात रोज दोन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीच्या झाकणाला असा पातळ थर नुसत्या दमटपणानेही येतो, म्हणून डिपस्टिकही काढून बघा. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल तर लगेच घाबरू नका. ऑइल अगदी नवंकोरं आणि मधासारखं घट्ट असेल तर मात्र संशय घ्या. आवाज आणि धूर दाबायला जाड ऑइल भरणं ही जुनी युक्ती आहे.

आता किल्ली फक्त ऑन करा, स्टार्ट नको. चेक इंजिनचा आणि ऑइलच्या बुधलीचा, असे दोन्ही दिवे लागले पाहिजेत आणि इंजिन चालू झाल्यावर विझले पाहिजेत. लागलेच नाहीत तर कुणीतरी दिवा काढून ठेवलाय.

स्टार्ट करताना एकाला मागे सायलेन्सरजवळ उभं करा. धुराची भाषा अशी:

निळा धूर म्हणजे गाडी ऑइल खाते. सुरू करताना एक भपकारा येऊन थांबला तर बहुधा व्हॉल्व्ह सील, हे त्यातल्या त्यात स्वस्त काम. रेस केल्यावर, चढावर सतत निळा येत असेल तर रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या) झिजल्यात, म्हणजे इंजिन खोलणं आलं.

पांढरा धूर थंडीच्या सकाळी थोडा वेळ येणं ही नुसती वाफ. इंजिन गरम झाल्यावरही दाट, गोडसर वासाचा येत राहिला तर कूलंट जळतंय. डिझेल गाडीत मात्र थंड असताना पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. तिथे इंजेक्टर, हीटर प्लग किंवा कमी कॉम्प्रेशन यांतलं काहीतरी असतं.

काळा धूर इंधन जास्त जातंय किंवा हवा कमी मिळतेय म्हणून. चोंदलेल्या एअर फिल्टरपासून टर्बोच्या फाटलेल्या पाइपपर्यंत काहीही असू शकतं, पण तिघांत हा सगळ्यात कमी भीतीदायक.

गाडी चालू असताना ऑइलचं झाकण सैल करून नुसतं वर ठेवा. झाकण उड्या मारत असेल आणि आतून भकाभक वाफारा येत असेल तर मिस्त्री लोक म्हणतात, "बॅक कॉम्प्रेशन मारतेय." रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेत, जळालेला वायू पिस्टनच्या बाजूने खाली येतोय. ही गाडी अर्ध्या कामात भागणार नाही.

आवाजाचं शब्दांत सांगणं कठीण, तरी सांगतो. वरून येणारी शिलाई मशीनसारखी टिकटिक टॅपेटची असते आणि ती ॲडजस्ट होते. थंड सुरुवातीला दोन-तीन सेकंद साखळी खुळखुळल्यासारखा आवाज टायमिंग चेनचा. खालून, पोटातून येणारी जड ठकठक, रेस केल्यावर वाढणारी, ही बेअरिंगची. ती ऐकू आली की क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) घासून घेण्यासकट फुल इंजिन, म्हणजे पूर्ण इंजिनाचं काम धरायचं. गाडी चालवून बघायची असेल तर अशा आवाजात लांब नेऊ नका, तुमच्याच हातात रॉड बाहेर यायचा.

एवढं बघूनही घ्यावीशी वाटली तर कॉम्प्रेशन टेस्टचा आग्रह धरा. हे अर्ध्या तासाचं काम आणि फार खर्चाचं नाही. सगळे प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, प्रत्येक सिलिंडरला गेज लावून स्टार्टर पाच-सहा फेरे फिरवायचा. छोट्या पेट्रोल गाड्यांत साधारण १५० ते १८० पीएसआयच्या आसपास आकडे येतात, कंपनीचा नेमका आकडा मॉडेलप्रमाणे वेगळा. पण आकड्यापेक्षा सिलिंडरमधला फरक बोलका असतो. सगळे १४० असतील तर इंजिन समान म्हातारं झालंय, अजून चालेल. तीन १६० आणि एक ९० असेल तर त्या एकात काहीतरी तुटलंय किंवा जळलंय. शेजारशेजारचे दोन कमी असतील तर त्यांच्यामधलं गॅस्केट उडालंय. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह. ऑइलची ही युक्ती फक्त पेट्रोलला. डिझेलचे आकडे दुपटीहून जास्त असतात आणि गेजही वेगळा लागतो.

विकणारा कॉम्प्रेशन टेस्टला नाही म्हणाला तर भांडू नका. सगळ्यात वाईट निकाल लागला असं समजून भाव सांगा.

चालूच होत नसेल तर

"बॅटरी उतरलीय फक्त." मग तुमची बॅटरी घेऊन जा. तरीही चालू झाली नाही, तर तिथे इंजिन नाहीच असं समजायचं. बंद इंजिनात टायमिंग बेल्ट तुटून व्हॉल्व्ह वाकलेले असू शकतात, पिस्टन धरलेला असू शकतो, इलेक्ट्रिकल बिघाडही असू शकतो, आणि ते खोलल्याशिवाय कळत नाही. क्रँकच्या पुलीला पाना लावून हाताने फिरते का एवढं बघता येतं. फिरलीच नाही तर इंजिन जाम.

नवख्याने बंद पडलेल्या कॉमन रेल डिझेलच्या (जास्त दाबाने, इलेक्ट्रॉनिक इंजेक्टरने डिझेल मारणाऱ्या इंजिनाच्या) नादी लागूच नये असं माझं मत आहे. इंजेक्टर, हाय प्रेशर पंप, टर्बो, या तिघांपैकी दोन गेले तर खर्च गाडीच्या किमतीला भिडतो. यात फियाटचं १.३ मल्टीजेट त्यातल्या त्यात बरं, कारण स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, पुंटो, इंडिका व्हिस्टा अशा कितीतरी गाड्यांत तेच इंजिन होतं. त्यामुळे सुटे भागही मिळतात आणि हात बसलेले मिस्त्रीही. पण तेही चालू असेल तर.

मिस्त्रीचा अंदाज कसा ऐकायचा

खोलण्याआधी सांगितलेला आकडा हा अंदाजच. चांगला मिस्त्री स्वतःच तसं म्हणतो. तुम्ही दोन आकडे मागा: हाफ इंजिनचा आणि फुल इंजिनचा. हाफमध्ये साधारण हेडचं काम, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट सेट. फुलमध्ये बोरिंग किंवा नवे स्लीव्ह (सिलिंडरमध्ये बसवायच्या नळ्या), ओव्हरसाइज म्हणजे मूळ मापापेक्षा मोठे पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग, ऑइल पंप, सगळंच. हिशोबात नेहमी फुलचा आकडा धरायचा.

मग विचारा: लेथचं काम कुठे करता? कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात हे काम पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. तिथे ब्लॉक मोजणारा माणूस मिस्त्रीपेक्षाही खरं सांगतो. इंजिन आधी एकदा बोअर झालंय का? ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन आधीच बसलेले असतील तर पुढची संधी कमी, स्लीव्ह टाकावे लागतील. सुटे भाग ओरिजिनल की लोकल? मजुरी वेगळी की धरून?

आणि भाग मिळतात का? मारुतीच्या जुन्या गाड्यांचे पिस्टन तालुक्याच्या गावातही मिळतात. शेवरोलेने २०१७ अखेर भारतात विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. या गाड्या चालवायला छान आणि भाव पडलेले, त्यामुळे मोह होतो. गाडी घेण्याआधी पिस्टन सेट, हेड आणि सेन्सर कुठे, किती दिवसांत मिळतील हे दुकानात फोन करून विचारा.

जुनं चालू इंजिन आणून बसवणं हा दुसरा मार्ग. मुंबईत कुर्ल्याला भंगाराच्या बाजारात अशी इंजिनं मिळतात. वेळ वाचतो, पण तुम्ही एक अज्ञात इंजिन देऊन दुसरं अज्ञात इंजिन घेता. मूळ गाडीचा नंबर, पक्कं बिल आणि चालू करून दाखवण्याची अट, या तिन्ही गोष्टी मिळाल्या तरच. ब्लॉक बदलला की इंजिन नंबर बदलतो आणि आरसीवर तो बदलून घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या अपघाताच्या क्लेमला विमा कंपनीच्या हातात आयतं कारण जातं. नुसतं हेड बदललं तर ही भानगड नाही.

पाटी-पेन्सिल

समजा २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, मागतायत ८० हजार. तुमच्याच गावात, तेच मॉडेल, तेच वर्ष, चालू स्थितीत १ लाख ६० हजारांना मिळतं. हे आकडे नुसतं उदाहरण, तुमचे तुम्ही भरा.

फुल इंजिन मिस्त्रीच्या अंदाजाने ४५ हजार. त्यात एक तृतीयांश वाढवा, कारण खोलल्यावर काहीतरी निघतंच: ६० हजार. इंजिन उतरलंच आहे तर क्लच प्लेट, वॉटर पंप, होस पाइप, माउंटिंग आत्ताच बदलायचे, नंतर दुप्पट मजुरी पडते: १२ हजार. उभ्या गाडीची बॅटरी मेलेली असते आणि टायर कडक झालेले असतात: २० हजार. नावावर करणं, विमा, उच्च सुरक्षा नंबरप्लेट राहिली असेल तर ती, टोइंग: १० हजार. एकूण १ लाख २ हजार.

१ लाख ६० हजारांतून हे वजा केले की उरतात ५८ हजार. पण ५८ ला घेतली तर तुम्ही महिनाभर गॅरेजच्या चकरा मारून, धोका अंगावर घेऊन, बरोबर तेवढेच पैसे घातले. त्या त्रासाचे चांगल्या गाडीच्या किमतीच्या निदान दहा टक्के धरा, १६ हजार. म्हणजे तुमचा वरचा आकडा ४२ हजार. मागणी ८० ची. आता कळतं की ती 'स्वस्त' गाडी खरं तर महाग होती.

शेजारी दुसरा आकडा लिहा: ही गाडी आत्ता आहे तशी भंगारात किती देईल? वजनावर भाव विचारून या. तुमची खरेदी त्या आकड्याच्या जितकी जवळ, तितकी चुकण्याची किंमत कमी.

आणि विकताना "इंजिन नवं केलंय" म्हणून कुणी जास्त पैसे देत नाही. उलट पुढचा गिऱ्हाईक विचारतो, का करावं लागलं?

सौदा

हिशोबाचा कागद खिशात ठेवू नका, समोर ठेवा. "तुमची गाडी वाईट आहे" म्हटलं की माणूस दुखावतो; "एवढा खर्च दिसतोय, तुम्हीच बघा" म्हटलं की बोलणं पुढे सरकतं. दोनदा सांगून जमलं नाही तर नंबर देऊन निघून या. पावसाळ्याच्या तोंडावर उभ्या गाडीचा मालक पुष्कळदा स्वतःहून फोन करतो.

ठरलं तर इसार द्या, पण छोटा आणि लिहून. कागदावर गाडी नंबर, चासी नंबर, ठरलेली रक्कम, आणि "चलन, कर, बोजा ताबा देण्याआधीचे विकणाऱ्याकडे" हे वाक्य. बाकीचे पैसे बँकेतून. गाडी नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन गाडी तशीच फिरवत ठेवू नका. अर्ज ३० दिवसांत करायचा असतो, विमाही १४ दिवसांत नावावर करायला अर्ज द्यावा लागतो. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याबरोबर जातो.

घेतल्यावर पहिलं काय

सीट कव्हर नाही, म्युझिक सिस्टिम नाही. गाडी टो करून न्या, "हळूहळू चालवत आणतो" नको. हेड उतरेल तेव्हा स्वतः हजर राहा, बोअर आणि पिस्टनचे फोटो काढा, आणि तिथेच ठरवा: हाफ, फुल की थांबायचं. थांबणं हाही पर्याय आहे. ब्लॉक फुटलेला निघाला तर आणखी ४० हजार ओतण्यापेक्षा गाडी आहे तशी भंगारात दिलेली परवडते, भले गेलेले पैसे टोचोत. भंगारात देताना नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या आणि आरसी रद्द करून घ्या.

जुने भाग परत मागा. नव्या भागांची बिलं फाइलला लावा. रेडिएटर साफ केल्याशिवाय आणि थर्मोस्टॅट तपासल्याशिवाय नवं इंजिन चढवू देऊ नका. पुष्कळ मिस्त्री थर्मोस्टॅट काढूनच टाकतात, "आपल्याकडे गरम हवा, लागत नाही" म्हणून. लागतो. ज्या कारणाने पहिलं इंजिन तापलं ते कारण तसंच ठेवून नवं चढवलं तर सहा महिन्यांत तुम्ही परत त्याच गॅरेजच्या बाकड्यावर चहा पीत बसाल.

इंजिन चालू झाल्यावर पहिले हजार किलोमीटर जपून चालवा. एकाच वेगात तासन्‌तास नाही, गिअर अडकवून दामटणं नाही, आंबा घाट आणि फोंडा घाट सध्या नाही. रोज सकाळी डिपस्टिक बघा, रेडिएटरची टाकी बघा. पाचशे किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला. पहिल्या ऑइलमध्ये बारीक चमकणारी भुकटी दिसेल, ती नव्या रिंगा बसतानाची. हाताला लागतील असे तुकडे दिसले तर गाडी तिथेच थांबवा आणि मिस्त्रीला बोलवा.